वाहत्या इंधनाचें गणित

इंधन म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें जळाऊ लाकूड, गोवऱ्या, दगडी कोळसा, फार तर रॉकेल किंवा गॅस येतो. अणुभट्टींतलें इंधन या सर्वांहून निराळें असतें, हें आतां शाळेंतल्या मुलांनाहि ठाऊक आहे. आपल्या तारापूरला १९६९ सालीं जें वीजकेंद्र सुरू झालें, त्यांत युरेनियमच्या ऑक्साइडच्या बोटाच्या पेराएवढ्या वड्या धातूच्या लांब नळ्यांत भरून ठेवावयाच्या, नळ्यांभोंवतीं पाणी खेळवावयाचें आणि त्या पाण्याची वाफ करून तिच्यावर चक्र फिरवावयाचें, अशी योजना आहे. पाणी येतें, जातें. वड्या मात्र आपली जागा सोडीत नाहींत. जगांतील बहुतेक सर्व अणुभट्ट्या याच वळणाच्या आहेत. आज मी ज्या भट्टीविषयीं बोलणार आहें, तिच्यांत इंधनच पातळ असतें, आणि पंपाच्या जोरावर तें सारखें फिरत राहतें. या फरकामुळें तिचें गणित किती अवघड होऊन बसतें, तें गणित संगणकावर कसें मांडतात, आणि मांडलेलें गणित खरें कीं खोटें हें कशावरून ठरवितात, एवढाच माझा विषय आहे. मी शास्त्रज्ञ नव्हे. अंकगणित आणि बीजगणित शिकविण्यांत हयात गेलेला एक मास्तर आहें. त्यामुळें यंत्रापेक्षां गणिताकडे माझें लक्ष अधिक जाणार, हें आधींच सांगून ठेवतों.

पातळ इंधनाची कल्पना नवी नाहीं. १९४४ सालीं अमेरिकेंतील लॉस अलामॉस येथें युरेनियमचा क्षार पाण्यांत विरघळवून एक लहानशी भट्टी चालविली गेली होती. पुढें १९५४ सालीं टेनेसी संस्थानांतील ओक रिज येथें, विमान उडविण्याच्या हेतूनें, वितळलेल्या मिठाची भट्टी कांहीं दिवस चालवून पाहिली. तें विमान कधीं झालें नाहीं. न झालें हेंच बरें, असें मला वाटतें. परंतु त्या खटाटोपांतून ओक रिजच्या लोकांना वितळलेलें मीठ हाताळण्याची विद्या अवगत झाली, आणि तिच्या बळावर त्यांनीं दुसरी भट्टी बांधली. ती १ जून १९६५ रोजीं प्रथम चालू झाली आणि १२ डिसेंबर १९६९ रोजीं कायमची बंद झाली. तिचें नांव 'मोल्टन सॉल्ट रिॲक्टर एक्स्पेरिमेंट' असें लांबलचक आहे. आपण तिला ओक रिजची भट्टी म्हणूं.

हें मीठ म्हणजे आपल्या स्वयंपाकघरांतील मीठ नव्हे. लिथियम, बेरिलियम आणि झर्कोनियम या धातूंचीं फ्लुओराइडें एकत्र करून त्यांत युरेनियमचें फ्लुओराइड अगदीं थोडें, शंभर रेणूंत एकाहूनहि कमी, मिसळलेलें असे. सुमारें साडेचारशें अंश सेंटिग्रेडला हें मिश्रण वितळतें आणि मग पाण्यासारखें वाहूं लागतें. ओक रिजच्या भट्टींत तें साडेसहाशें अंशांच्या आसपास ठेवीत. इतकें तापूनहि तें उकळत नाहीं. म्हणून पात्रांत वाफेचा दाब सांठून राहत नाहीं, आणि हाच या भट्टीचा मोठा गुण समजला जातो. भट्टीच्या मध्यभागीं ग्रॅफाइटच्या उभ्या कांबींचा सुमारें दीड मीटर उंचीचा एक गठ्ठा होता. कांबींना कोरलेल्या चरांतून मीठ खालून वर चढे. तेथें त्यांतील युरेनियमचे अणू फुटून मीठ तापे. मग तें पंपांत जाई, पंपांतून उष्णता काढून घेणाऱ्या उपकरणांत, आणि तेथून पुनः भट्टीच्या तळाशीं. ही एक प्रदक्षिणा सुमारें पंचवीस सेकंदांत पुरी होई. त्यांपैकीं साधारण साडेआठ सेकंद इंधन भट्टीच्या गाभ्यांत असे, आणि उरलेले जवळ जवळ सतरा सेकंद गाभ्याबाहेर, नळांतून हिंडत असे.

हे साडेआठ आणि सतरा आंकडे ध्यानांत ठेवावे. सर्व अडचण त्यांच्यांतच आहे.

अडचण कोणती, तें सांगतों. युरेनियमचा एक अणू फुटला म्हणजे त्यांतून दोन-तीन न्यूट्रॉन बाहेर पडतात. ते दुसऱ्या अणूंना जाऊन धडकतात आणि ही परंपरा चालू राहते. भट्टी समतोल चालावयाची तर एका पिढींत हजार न्यूट्रॉन असतां पुढल्या पिढींतहि नेमके हजारच असले पाहिजेत. एक हजार एक झाले तर भट्टी वाढीला लागते. नऊशें नव्याण्णव झाले तर विझूं लागते. आतां न्यूट्रॉनांची एक पिढी सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाहूनहि कमी वेळांत उलटते. मग एवढ्या वेगानें धांवणाऱ्या घोड्याला मनुष्य लगाम घालतो तरी कसा? निसर्गानेंच येथें एक सोय करून ठेविली आहे. हजार न्यूट्रॉनांपैकीं सहा-सात न्यूट्रॉन अणू फुटतांक्षणीं जन्मत नाहींत. अणूचे जे तुकडे उडतात, त्यांपैकीं कांहीं तुकडे थोडा वेळ दम धरतात आणि मग आपल्या पोटांतला न्यूट्रॉन बाहेर टाकतात. कांहीं सेकंदाच्या अंशांत टाकतात. कांहींचें अर्धें आयुष्य चांगलें पंचावन्न सेकंदांचें असतें. या मागाहून येणाऱ्या मूठभर न्यूट्रॉनांमुळें सर्व व्यवहार मंदावतो, आणि नियंत्रणाचे दांडे वरखालीं करावयास माणसाला व यंत्राला अवसर मिळतो. सहा-सात म्हणजे शेंकडा एकहि नव्हे; पण भट्टीचा लगाम तोच.

घट्ट इंधनाच्या भट्टींत हे उशीरा प्रसवणारे तुकडे जेथें जन्मले तेथेंच बसून राहतात, आणि त्यांचे न्यूट्रॉन भट्टीच्याच कामीं येतात. पातळ इंधनांत ते प्रवाहाबरोबर निघून जातात.

विहिरीवरचें रहाटगाडगें ज्यांनीं पाहिलें असेल त्यांना हें लवकर उमजेल. अशी कल्पना करा कीं गाडगीं सारीं गळकीं आहेत, आणि माळेचा साडेआठ सेकंदांचा भाग वाफ्यावरून जातो व सतरा सेकंदांचा भाग खडकावरून. वाफ्यावर जें पाणी गळलें तें पिकाला लागलें. खडकावर गळलें तें फुकट गेलें. ज्या गाडग्याला मोठें भोंक आहे तें वाफ्यावर असतांनाच रितें होतें. त्याचें कांहीं नुकसान नाहीं. ज्याला बारीक छिद्र आहे तें सगळी फेरी करून येतें तरी पुष्कळसें भरलेलेंच असतें, आणि परत आल्यावर वाफ्याला थोडें पाणी देतें. शास्त्रज्ञ या तुकड्यांचे, गळण्याच्या वेगाप्रमाणें, बहुधा सहा वर्ग करतात. प्रत्येक वर्गाचें किती पाणी वाफ्यावर आणि किती खडकावर, हा हिशेब करावयाचा. रहाटाचा वेग बदलला कीं हिशेब बदलला. रहाट थांबला तर जेवढीं गाडगीं वाफ्यावर असतील तेवढीं तेथेंच गळतील, म्हणजे पीक एकाएकीं जास्त भिजेल. भट्टीच्या भाषेंत बोलावयाचें तर पंप बंद पडला असतां मागाहून येणारे न्यूट्रॉन गाभ्यांतच येऊं लागतात आणि भट्टी वाढूं पाहते.

आतां याच वेळीं दुसरी एक गोष्ट घडते. पंप थांबला म्हणजे उष्णता वाहून नेणारें कोणी राहत नाहीं, म्हणून मीठ तापतें. तापलें म्हणजे फुगतें. फुगलें म्हणजे त्याचा कांहीं भाग गाभ्याबाहेर ढकलला जातो, गाभ्यांतील युरेनियम तेवढें कमी होतें आणि भट्टी आपोआप मंदावते. शिवाय तळाशीं एका नळींत मीठ मुद्दाम थंड हवेनें गोठवून त्याचें बूच केलेलें असे. हवा थांबली कीं बूच वितळावें आणि सारें इंधन खालच्या टाक्यांत उतरून जावें, अशी ती तजवीज होती. तेव्हां एका बाजूला वाढविणारें कारण, दुसऱ्या बाजूला थोपविणारें. कोणतें आधीं पोंचतें आणि किती बळानें, हें सेकंदासेकंदाच्या हिशेबानें पाहिल्यावांचून सांगतां येत नाहीं.

या हिशेबांत जुन्या तर्कशास्त्र्यांचा अन्योन्याश्रय भरलेला आहे. न्यूट्रॉन किती हें कळल्याशिवाय उष्णता किती हें कळत नाहीं. उष्णता कळल्याशिवाय मिठाची घनता आणि प्रवाहाची गति कळत नाहीं. आणि प्रवाह कळल्याशिवाय तुकडे कोठें गेले, म्हणजेच न्यूट्रॉन कोठें व किती, हें कळत नाहीं. वर्गांत समीकरणें शिकवितांना एका अज्ञातावरून दुसरें काढावें असें आम्ही सांगतों. येथें सर्वच अज्ञातें एकमेकांचा हात धरून उभीं आहेत. मग उपाय एकच. प्रथम एक अंदाज धरावयाचा, त्यावरून उष्णता काढावयाची, उष्णतेवरून प्रवाह, प्रवाहावरून पुनः न्यूट्रॉन. आलेलें उत्तर पहिल्या अंदाजाशीं जुळलें नाहीं तर नवा अंदाज घेऊन सर्व फेरा पुनः करावयाचा. उत्तर हलावयाचें थांबेपर्यंत हें चालू ठेवावयाचें. माणसाला याचा कंटाळा येतो. संगणकाला येत नाहीं. त्याची खरी करामत एवढीच आहे, आणि ती थोडी नाहीं.

इंग्रजींत यालाच सिम्युलेशन म्हणतात. मी त्याला गणिती भट्टी म्हणतों, कारण संगणकांत आंकड्यांचीच एक भट्टी उभी राहते आणि आपण तिच्याशीं हवे तसे खेळ करून पाहूं शकतों. ती उभी करण्याच्या दोन रीति आहेत. पहिली रीत वाण्याच्या खतावणीसारखी. भट्टीच्या पोकळीचे मनानें हजारों, लाखों बारीक कप्पे पाडावयाचे, आणि प्रत्येक कप्प्याच्या नांवें एक खातें उघडावयाचें: शेजारच्या कप्प्यांतून किती आलें, किती गेलें, आंत किती जन्मलें, किती खपलें. मिठाचें वेगळें खातें, उष्णतेचें वेगळें, न्यूट्रॉनांचें वेगळें, आणि त्या सहा वर्गांच्या गळक्या गाडग्यांचीं आणखी सहा. वेळेचेहि तुकडे करावयाचे आणि प्रत्येक तुकड्यागणिक सर्व खातीं जमाखर्चासह मिळवावयाचीं. दुसरी रीत फांशांची. १९४६ सालीं स्टानिस्लाव्ह उलाम हे गणिती आजारांतून उठत असतां पत्त्यांचा एकट्यानें खेळावयाचा डाव मांडून बसत. डाव सुटण्याचा संभव किती, हें सूत्रानें काढण्यापेक्षां शंभर डाव खेळून किती सुटतात तें मोजावें, असें त्यांच्या मनांत आलें. ही युक्ति त्यांनीं जॉन फॉन नॉयमन यांना सांगितली, आणि तिच्यांतून एकेका न्यूट्रॉनाचा जन्मापासून मरणापर्यंतचा प्रवास फांसे टाकून पाहण्याची पद्धति निघाली. जुगाराच्या गांवावरून तिला मॉन्टे कार्लो हें नांव पडलें. फिनलंडमध्यें २००४ सालापासून वाढविलेला 'सर्पंट' हा प्रोग्रॅम याच पद्धतीनें कोट्यवधि न्यूट्रॉनांचीं चरित्रें लिहितो.

ओक रिजच्या मंडळींजवळ आजचीं साधनें नव्हतीं. त्यांनीं १९६२ सालीं आयबीएम ७०९० या यंत्रासाठीं वाहत्या इंधनाच्या भट्टीचा एक प्रोग्रॅम रचला. त्याचें नांव 'मरगॅट्रॉयड'. तें कोणाला कसें सुचलें, देव जाणे. त्यांत सारा गाभा मिळून दोन-चार खातींच होतीं म्हणावयास हरकत नाहीं. याशिवाय ते दुसऱ्या जातीचींहि गणकयंत्रें वापरीत, ज्यांत आंकडे नसतातच. विजेच्या दाबानें उष्णतामान दाखवावयाचें, इतके व्होल्ट म्हणजे इतके अंश, आणि तारांची जोडणी अशी करावयाची कीं विजेचा दाब भट्टीच्या उष्णतामानाप्रमाणेंच चढावा-उतरावा. भट्टीच्या चालकांना शिकविण्यासाठीं त्यांनीं अशाच यंत्रांवर लटकी भट्टी तयार केली. खऱ्या भट्टीच्या दांड्याला हात लावण्यापूर्वीं शिकाऊ चालक या लटक्या भट्टीवर हात बसवून घेत.

येथवर गणित मांडण्याची गोष्ट झाली. आतां ताळ्याची.

ज्यानें मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्या आहेत त्याला ताळ्याचें महत्त्व सांगावयास नको. सुबक अक्षरांत, एकहि पायरी न गाळतां, दशांशचिन्हानंतर सहा स्थळांपर्यंत नेलेलें उत्तर साफ चुकलेलें असूं शकतें. संगणकाच्या उत्तराला तर अक्षराची सुबकताहि उपजत आणि दशांशस्थळें हवीं तितकीं. म्हणून या क्षेत्रांत कोणी मला सांगितलें कीं 'संगणकानें दाखविलें आहे', तर माझा पहिला प्रश्न असतो: ताळा कशाशीं पाहिला? हा प्रश्न आतां पुस्तकी राहिलेला नाहीं. २०२४ च्या सप्टेंबरांत अमेरिकेच्या नियामक मंडळानें टेक्सासमधील ॲबिलीन ख्रिश्चन विद्यापीठाला वितळलेल्या मिठाची एक लहान भट्टी बांधण्याचा परवाना दिला. भट्टी बांधण्यापूर्वीं तिच्या सुरक्षिततेचा निवाडा करावयाचा, तर तो बह्वंशीं गणितावरच करावा लागतो. आणि त्या भट्टीच्या शेजारीं राहणाऱ्या माणसाचा जीव त्या गणितावर अवलंबून असतो.

पहिला ताळा १९६५ सालींच पाहिला गेला. भट्टीची शक्ति जवळ जवळ शून्य ठेवून, म्हणजे उष्णतेचा घोटाळा बाजूस काढून, त्यांनीं पंप सुरू केला. न्यूट्रॉनांची संख्या कायम राहावी म्हणून दांडा आपोआप हलेल अशी व्यवस्था होती. मीठ फिरूं लागतांच गळकीं गाडगीं बाहेर निघालीं, न्यूट्रॉनांची तूट आली, आणि ती भरून काढण्यासाठीं दांडा वर सरकूं लागला. पुढें पहिली फेरी पुरी करून कांहीं गाडगीं परत आल्याची चाहूलहि त्या दांड्याच्या हालचालींत उमटली. शेवटीं तूट ठरली ती सुमारें ०.२१ टक्के, म्हणजे हजारांत सहा-सात उशीरा येणाऱ्यांपैकीं दोन गेले. लगामाचा एकतृतीयांश भाग नळांत वाहून गेला म्हणा ना. मग पंप बंद केला, आणि दांडा उलट दिशेनें कसा सरकतो तेंहि टिपलें. त्या दोन वक्ररेषा आज साठ वर्षांनंतरहि जगभर वापरल्या जातात. वाहत्या इंधनाचा नवा प्रोग्रॅम कोणी लिहिला कीं त्यानें प्रथम या रेषा काढून दाखवावयाच्या, अशी जणूं वहिवाटच पडली आहे.

दुसरा ताळा मात्र चुकला, आणि तो चुकला म्हणून मोठा शिकविणारा ठरला. युरेनियम फुटतांना क्सेनॉन वायूचा एक प्रकार निर्माण होतो. तो न्यूट्रॉनांचा अतिशय भुकेला. तो ग्रॅफाइटच्या सूक्ष्म छिद्रांत शिरून बसेल आणि भट्टीला बरेंच मंद करील, असें गणित सांगत होतें. प्रत्यक्षांत त्याचा उपद्रव पुष्कळच कमी निघाला. शोध घेतां असें दिसलें कीं पंपांत हेलियमचे बारीक बुडबुडे मिठांत मिसळून सर्वत्र फिरत होते, आणि क्सेनॉन ग्रॅफाइटऐवजीं त्या बुडबुड्यांत घर करून बाहेर पडत होता. गणितांत बेरीज-वजाबाकीची चूक नव्हती. बुडबुड्यांचें खातेंच उघडलेलें नव्हतें.

तिसरा ताळा अगदीं अलीकडचा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील संशोधकांनीं ओक रिजचे जुने अहवाल बारकाईनें वाचून, प्रत्येक कांबीचें माप आणि मिठाचें घटकप्रमाण जमवून, 'सर्पंट'मध्यें ती भट्टी पुनः उभी केली. अणुभट्ट्यांच्या मोजमापांचा जो आंतरराष्ट्रीय संग्रह निघतो, त्यांत हें काम २०१९ सालीं दाखल झालें. १९६५ मध्यें खरी भट्टी ज्या स्थितींत नेमकी समतोल होती, म्हणजे हजारास हजार, त्या स्थितींत गणिती भट्टीनें हजारास सुमारें एक हजार वीस असें उत्तर दिलें. दोन टक्के म्हणजे आपल्याला क्षुल्लक वाटेल. बाजारांत दोन टक्क्यांसाठीं कोणी भांडत नाहीं. परंतु सगळा लगाम मिळून हजारांत सहा-सातांचा असतां वीसची तफावत ही लगामाच्या तिप्पट झाली! संशयाचें बोट मुख्यतः ग्रॅफाइटकडे जातें: त्याची घनता, त्यांतील अशुद्धता, त्याची न्यूट्रॉन गिळण्याची प्रवृत्ति. यावरून कोणी घाबरून जाऊं नये. खरी भट्टी चालू करतांना एकदम सगळें युरेनियम ओतीत नाहींत, थोडें थोडें घालून प्रत्येक वेळीं मोजतात, आणि ओक रिजलाहि तसेंच केलें होतें. परंतु मरगॅट्रॉयडच्या दिवसांपासून आजपर्यंत यंत्रांचें बळ कोट्यवधि पटींनीं वाढलें असतां दगडी पाटीवरच्या एका प्रश्नाचें उत्तर अजून दोन टक्क्यांनीं चुकावें, ही गोष्ट विचार करावयास लावणारी खरी.

ताळ्याची आणखी एक तऱ्हा आहे. तिच्याविषयीं माझें मत थोडें सावध आहे. युरोपांतील चार संस्थांनीं, ग्रेनोबल, मिलान, डेल्फ्ट आणि स्वित्झर्लंडमधील पॉल शेरर संस्था, यांनीं एक काल्पनिक पेटी घेतली. दोन मीटर लांब, दोन मीटर उंच, चौकोनी. आंत वितळलेलें इंधन. आणि वरचें झांकण सेकंदाला अर्धा मीटर वेगानें एका बाजूस सरकतें आहे, त्यामुळें आंतलें मीठ भोंवऱ्यासारखें फिरतें. अशी पेटी जगांत कोठेंहि नाहीं. प्रत्येकानें आपापल्या प्रोग्रॅमनें तें उदाहरण पायरीपायरीनें सोडविलें: आधीं नुसता प्रवाह, मग नुसते न्यूट्रॉन, मग दोन्ही एकत्र, मग कालाप्रमाणें बदलणारें. २०२० सालीं उत्तरें प्रसिद्ध झालीं, आणि तीं परस्परांशीं चांगलीं जुळलीं. वर्गांतल्या चार मुलांचें उत्तर एक आलें तर मास्तरांच्या मनांत दोन शंका येतात. एक म्हणजे सगळ्यांना आलें असेल, आणि दुसरी तुम्ही जाणतांच. येथें दुसऱ्या शंकेला जागा नाहीं, कारण चौघांच्या रीति निरनिराळ्या होत्या. तेव्हां आंकडेमोड बरोबर आहे, एवढें सिद्ध झालें. पण त्या पेटींत बुडबुडे नव्हते, ग्रॅफाइट नव्हतें, आणि उदाहरण घालणारा निसर्ग नव्हता.

गणितांत जें विचारलें नाहीं त्याचें उत्तर मिळत नाहीं, याचें एक ठळक उदाहरण ओक रिजलाच घडलें. १९६९ मध्यें भट्टी बंद झाल्यावर मीठ टाक्यांत गोठवून ठेविलें. चालू भट्टीच्या कढत मिठाचा अभ्यास पुष्कळ झाला होता. परंतु थंड पडलेल्या मिठांत त्याच्याच किरणांच्या माऱ्यानें फ्लुओरीन वायू हळूहळू सुटत राहतो. त्यावर तोड म्हणून कांहीं वर्षें तें मीठ मधून मधून तापविलेंहि जाई. १९९४ सालीं तपासणी करतां असें आढळलें कीं त्या वायूनें युरेनियमचा एक भाग वायुरूप करून नळांवाटे दूर नेला होता, आणि कोळशाच्या गाळणींत सुमारें अडीच किलो युरेनियम जाऊन बसलें होतें. पंचवीस वर्षें बंद असलेली भट्टी! तिचें आवरसावर करण्यास पुढें किती तरी वर्षें आणि फार मोठा खर्च लागला. चालण्याचें गणित झालें होतें. निजण्याचें झालें नव्हतें.

ओक रिजच्या त्या भट्टीची मोठी बहीण कधीं बांधली गेली नाहीं. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेनें तो उद्योगच आवरता घेतला. त्यानंतर वितळलेल्या मिठाचें इंधन वापरणारी उघडपणें नमूद झालेली भट्टी म्हणजे चीनमधील कान्सू प्रांतांत वूवेई येथें उभारलेली. तिची उष्णताशक्ति दोन मेगावॅट. २०२३ च्या ऑक्टोबरांत ती प्रथम चालू झाली आणि २०२४ च्या जूनमध्यें पूर्ण शक्तीस पोंचली. म्हणजे मध्यंतरीं जवळ जवळ चौपन्न वर्षें जगांतील सर्व गणितांना ताळा पाहावयास एकच जुनी वही होती.

आपल्या देशाचा या विषयाशीं संबंध थोरियममुळें येतो. केरळ, तामिळनाडू, ओडिशा यांच्या किनाऱ्यावरील वाळूंत थोरियम विपुल आहे, आणि थोरियमला न्यूट्रॉन खाऊं घातले म्हणजे त्याचें युरेनियम-२३३ होतें. मुंबईकरांना ठाऊक नसेल, पण ट्रॉम्बे येथें १९८४ च्या मे महिन्यांत याच युरेनियम-२३३ च्या क्षाराचें पाण्यांतील द्रावण इंधन म्हणून वापरणारी 'पूर्णिमा-२' ही लहानशी भट्टी चालू झाली होती. तिच्यांत इंधन पातळ होतें, परंतु तें फिरत नव्हतें, शक्तिहि नाममात्र. पुढें भाभा अणुसंशोधन केंद्रांत वितळलेल्या मिठाच्या आणि थोरियमच्या भट्टीचा आराखडाहि करण्यांत आला. पण तो कागदावरचा आणि संगणकावरचा. येथें एक आंकडा सांगितला पाहिजे. साध्या भट्टींतील युरेनियम-२३५ मध्यें उशीरा येणारे न्यूट्रॉन हजारांत सहा-सात; युरेनियम-२३३ मध्यें ते तीनहि नाहींत. आधींच आंखूड लगाम, आणि त्यांतून प्रवाह आपला हिस्सा नेणार. तेव्हां आपल्या उपयोगाच्या भट्टींत गणिताला चुकण्याची मुभा निम्म्याहून कमी.

योगायोगानें याचाहि ताळा त्या जुन्या वहींत आहे. १९६८ सालीं ओक रिजच्या लोकांनीं मिठांतलें पहिलें युरेनियम काढून घेतलें आणि त्याच मिठांत युरेनियम-२३३ घातलें. त्या वर्षाच्या २ ऑक्टोबरला भट्टी पुनः चालू झाली. या इंधनावर चाललेली जगांतील ती पहिली भट्टी. नवें युरेनियम घातल्यावर पंपांत पूर्वींपेक्षां अधिक बुडबुडे मिसळूं लागले, आणि भट्टीची शक्ति मधून मधून किंचित् उसळी घेऊं लागली. पंपाचा वेग कमी करून पाहिला तेव्हां बुडबुडे गेले आणि उसळ्याहि थांबल्या. युरेनियम-२३३ च्या वाहत्या इंधनाचें गणित ज्याला पडताळून पाहावयाचें असेल, मग तो ट्रॉम्बेचा असो कीं ग्रेनोबलचा, त्याला त्या चौदा महिन्यांच्या नोंदी उघडाव्या लागतात, आणि त्यांत दांड्याच्या हालचालींबरोबर या बुडबुड्यांचेंहि खातें आहे.